बदकाचं अंडं फोडून पिल्लू 'वाचवणाऱ्यांनो', जरा हात आवरा



परवा पुतण्यानं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. बदकाचं अंडं. टरफलाला बारीक भोक पडलेलं, आतून चोच हलायलेली. एक हात येतो, नखानं टरफल सोलतो, अर्ध्या मिनिटात अख्खं पिल्लू ओलंचिंब तळहातावर. मागं बासरी वाजायली. खाली लोकांनी हात जोडलेत, "मुक्या जिवाला जीवदान दिलं", "देवमाणूस" वगैरे.

पुतण्या म्हणाला, "काका, आपण बी असंच करू की. आपली अंडी बी आता निघायला आलीत."

मी विचारलं, "ते पिल्लू दुसऱ्या दिवशी दाखवलंय का रे त्यात?"

नव्हतं दाखवलं. कधीच दाखवत नाहीत. म्हणून आज हे लिहायला बसलो. थोडं लांबेल, पण ज्यांच्या घरी बदकं आहेत अन् ज्यांनी यंदा हौसेनं उबवणी मशीन घेतलंय, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

माझं म्हणणं सरळ आहे. अंडं फोडून पिल्लू बाहेर काढणं ही शंभरातल्या नव्वद वेळा मदत नसते. ती आपली घाई असते, अन् ती घाई पिल्लाच्या जिवावर उठते. हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी स्वतः मारलंय एक पिल्लू, या हातानं.

दहा-बारा वर्षं झाली असतील. आमच्या विष्णुपुरीला गोदावरीचं पाणी अडलेलं, त्यामुळं कडेच्या शेतात ओल असती, गोगलगायी असतात, डबकी असतात. म्हटलं चार बदकं पाळावीत. पहिल्या साली बारा अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवली. बदकी अंडी घालून मोकळी होते, बसायचा कंटाळा करती, म्हणून कोंबडी. अठ्ठाविसाव्या दिवशी दिवस मावळताना तीन अंड्यांना टोच पडली. घरात सगळ्यांना आनंद. मी कंदील घेऊन खुराड्याजवळ बसलो. आठ वाजले, नऊ वाजले, दहा वाजले. भोक तेवढंच. आतून चिवचिव, मग गप्प. परत चिवचिव, परत गप्प.

मला वाटलं अडकलंय. गुदमरायलंय. एक अंडं उचललं अन् नखानं टरफल काढायला लागलो. दोन तुकडे निघाले अन् पापुद्र्यातून रक्त आलं. थोडंसंच होतं, म्हटलं काही नाही, आता थांबलो तर मरंल. काढलंच पूर्ण. पोटाला पिवळी पिशवी लोंबकळत होती. बलक. अजून आत गेलाच नव्हता. पहाटंच्या आत ते पिल्लू गार पडलं.

बाकीची दोन? त्यांना मी हात लावला नाही, कारण हात लावायचा धीरच राहिला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही आपापली बाहेर आली. ओली, मग तासा-दोन तासात वाळून गोंड्यासारखी पिवळी. त्या खेपेला आठ पिल्लं निघाली. नववं माझ्या हातानं गेलं.

माय तेव्हा होती. ती एवढंच बोलली, "त्याला काय झालतं? तुला झोप यायली होती, म्हून तू फोडलास."

मला राग आला तेव्हा. पण खरं तेच होतं.

आता आत नेमकं काय चालतं ते सांगतो. पोरीनं कॉलेजातून पुस्तकं आणली, मी चार जाणत्यांना विचारलं, अन् त्यानंतर इतक्या वर्षांत डोळ्यांनी बघितलं.

अंड्यातल्या पिल्लाला चोच बाहेर येईपर्यंत श्वास कुठून मिळतो? टरफलाच्या आतून जो पापुद्रा असतो, त्यावर बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. टरफलाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात, त्यातून हवा आत येती अन् हे जाळं ती रक्तात घेतं. म्हणजे आपल्या लेकराला जशी वार, तसं हे जाळं. शेवटच्या दोन दिवसांत पिल्लू आधी अंड्याच्या रुंद टोकाकडं जी हवेची पोकळी असते, तिच्यात चोच खुपसतं. तेव्हा त्याची फुप्फुसं पहिल्यांदा चालू होतात. चिवचिव तिथून ऐकू येते. त्या पोकळीतली हवा खराब होत जाती, तशी मानेचा एक मोठा स्नायू आपोआप झटके मारायला लागतो. चोचीच्या टोकावर कडक दाण्यासारखं एक टोक असतं, ते टरफलावर आपटतं अन् बाहेरून आपल्याला पहिली टोच दिसती.

अन् इथंच आपण चुकतो. आपल्याला वाटतं टोच पडली म्हणजे आता निघालंच. पण टोच ही बाहेर यायची सुरुवात नाही, ती श्वासाची खिडकी आहे. खिडकी पाडली की पिल्लू विसावा घेतं. बदकाचं पिल्लू एक दिवस, कधी दीड, कधी पुरे दोन दिवस तसंच पडून राहतं. कोंबडीचं त्यामानानं लवकर उरकतं, म्हणून कोंबड्या पाळलेला माणूस बदकाला बघून घाबरतो.

या विसाव्यात दोन कामं होतात. पापुद्र्यावरच्या जाळ्यातलं रक्त हळूहळू पिल्लाच्या अंगात ओढलं जातं अन् जाळं सुकतं. दुसरं, उरलेला बलक बेंबीतून पोटात जातो. तीच त्याची शिदोरी. त्या शिदोरीवर पिल्लू पहिले दोन-तीन दिवस काही न खाता जगू शकतं. खोक्यात भरून एक दिवसाची पिल्लं गावोगाव पाठवतात ती याच भरवशावर. हे सगळं झालं की मग पिल्लू आत गोल फिरायला लागतं, टरफलाला कडेकडेनं टोचत जातं, टोपी कापल्यासारखं करतं अन् पायानं रेटून बाहेर येतं. हे शेवटचं काम काही तासांत उरकतं.

म्हणजे बघा, ज्या वेळेला आपल्याला वाटतं ते झगडायलंय, दमलंय, अडकलंय, त्या वेळेला ते आराम करायलंय. अन् आपण ती चालू असलेली वार तोडतो.

व्हिडिओवाला म्हणेल, "मी काढलं ते जगलं की." जगलं असेल. त्याचं रक्त, बलक आधीच आत गेलं असेल. म्हणजे ते तुझ्याशिवाय बी दोन तासांत निघालंच असतं, तू फक्त कॅमेरा लावला. ज्यांचं गेलं नव्हतं ती मेली, त्यांचा व्हिडिओ कोण टाकतो? मेलेलं पिल्लू उकिरड्यावर अन् जगलेलं मोबाईलवर, असा हिशेब असल्यावर सगळ्यांना वाटणारच की फोडावं.

आता दुसऱ्या बाजूला वळतो. कारण हे एवढं वाचून काही जण लगेच म्हणतील, "बरोबर आहे, निसर्गात ढवळाढवळ करू नये. जे कमजोर ते मरायचंच. संघर्षानं ताकद येते."

थांबा. हे बी मला मान्य नाही.

एका साली आमच्या भागात सोयाबीन पाण्याखाली गेलं होतं. त्यानंतर एका कार्यशाळेला आम्हाला बोलावलं. तिथं एका साहेबांनी ती फुलपाखराची गोष्ट सांगितली. कोशातून बाहेर यायला झगडणाऱ्या फुलपाखराला एकानं कात्रीनं वाट करून दिली अन् ते कायमचं लुळं झालं. म्हणून शेतकऱ्यांनी बी सारखी मदत मागू नये, संघर्ष करावा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बी वाजवल्या. घरी येताना मात्र डोक्यात घोळत राहिलं.

बदकाच्या पिल्लाला थांबू द्यायचं ते संघर्षानं ताकद येती म्हणून नाही. त्याचं रक्त अन् शिदोरी आत जायला वेळ लागतो म्हणून. अन् हा वेळ सुखाचा जायला बाहेर दोन गोष्टी पाहिजेत, ऊब अन् ओलावा. त्या आईनं द्यायच्या, नाहीतर ज्यानं अंडं मशीनमधे ठेवलं त्यानं. त्या दिल्या नाहीत अन् वर "संघर्ष कर" म्हटलं, तर ते पिल्लू कितीबी गुणाचं असलं तरी मरतं.

आमच्या नांदेडला मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढं असतो अन् हवा अशी कोरडी की दुपारी वाळत घातलेलं धोतर अर्ध्या तासात कडक होतं. अशात टोच पडलेलं अंडं घेऊन लोक काय करतात? दर दहा मिनिटाला मशीनचं झाकण उघडतात. "निघालं का? निघालं का?" एकेकदा झाकण उघडलं की आतला ओलावा बाहेर जातो. टोचीजवळचा पापुद्रा वाळतो, पांढरा कडक होतो, पुढं कातड्यासारखा पिवळट-तपकिरी होऊन पिल्लाच्या अंगाला चिकटतो. मग ते खरंच अडकतं. त्याला फिरताच येत नाही. मग हाच माणूस म्हणतो, "अडकलंय बिचारं, मदत करावी लागंल," अन् फोडतो. आधी अडकवायचं बी यानंच अन् सोडवून पुण्य बी यानंच घ्यायचं.

मी एक हिशेब लावलाय. दहापैकी नऊ निघाली अन् एक राहिलं, तर दोष कदाचित त्या पिल्लात असेल. दहापैकी पाच अडकली, तर दोष तुमच्या मशीनमधे आहे अन् तुमच्या हातात आहे. तिथं पिल्लाला कमजोर म्हणू नका.

म्हणून खरी मदत टोच पडल्यावर करायची नसते, ती आधीच करायची असते. मी काय करतो ते लिहितो.

ठेवल्याची तारीख भिंतीवर कोळशानं लिहा. बदक २८ दिवस. कोंबडीचे २१ धरून बाविसाव्या दिवशी बदकाचं अंडं "खराब झालं" म्हणून फोडणारे मी बघितलेत, आत जिवंत पिल्लू. अन् लाल चेहऱ्याची मस्कोव्ही बदकं असतील तर ३५ दिवस. आमच्या शेजाऱ्यानं तिची अंडी तिसाव्या दिवशी उकिरड्यावर टाकली होती.

अंडं उभं ठेवत असाल तर रुंद टोक वर. हवेची पोकळी तिकडं असते. उलटं ठेवलं तर पिल्लू निमुळत्या टोकाकडं तोंड करून बसायचा संभव वाढतो अन् तिथं त्याला हवा बी नाही अन् जागा बी नाही.

पंख्याचं मशीन असेल तर उष्णता साडेसदतीस अंशाच्या आसपास. ओलावा सुरुवातीला ५५ टक्क्यांच्या आसपास पुरे. सुरुवातीपासूनच पाणी-पाणी करू नका. अंड्यातून २८ दिवसांत पाण्याचा अंश उडून त्याचं वजन साधारण १२ ते १४ टक्के उतरावं लागतं, तेव्हा हवेची पोकळी नीट तयार होते. ती लहान राहिली तर पिल्लू आतल्या आत बुडतं.

पंचविसाव्या दिवसापासून अंडी फिरवणं बंद. ओलावा ७० टक्क्यांच्या पुढं न्या. त्यासाठी खोल डबा ठेवून उपयोग नाही, पसरट ताट ठेवा. पाणी किती खोल आहे यावर ओलावा ठरत नाही, किती पसरलंय यावर ठरतो. ताटात स्पंजचा तुकडा टाकला तर आणखी बरं.

कोंबडीखाली ठेवली असतील तर शेवटच्या आठवड्यात रोज कोमट पाण्याचा हलका शिपका. बदकी पाण्यातून ओल्या पिसांनी येऊन अंड्यावर बसते, कोंबडी कोरडी बसते. ती उणीव आपण भरायची.

लाईट गेली तर झाकण उघडून बघत बसू नका. वरून गोधडी टाका, हवेची भोकं मोकळी ठेवा अन् गप्प बसा. आमच्याकडं लाईट जाणं काही नवीन नाही, पण दोन तासांच्या गार पडण्यानं जेवढी पिल्लं मरत नाहीत तेवढी आपल्या सारख्या उघडझाकीनं मरतात.

आता ज्यांनी वर वाचलं की नव्वद वेळा चूक, ते विचारतील उरलेल्या दहा वेळा काय. तर त्या बी आहेत. मी दोन वर्षांमागं एक पिल्लू काढलं अन् ते आज माझ्या बांधावर हिंडतंय. पण ते कसं काढलं ते ऐका.

टोच पडून दोन दिवस होत आले होते. त्याच्या बरोबरीची सगळी बाहेर येऊन वाळली होती. भोकातून दिसणारा पापुद्रा कागदासारखा वाळलेला. आत पिल्लू चिवचिवत होतं, पण आवाज बारीक झालेला. मी हात स्वच्छ धुतले. कापूस कोमट पाण्यात भिजवून पिळला अन् टोचीच्या कडेचा पापुद्रा ओला केला. चोचीच्या नाकपुड्यांत पाणी जाऊ दिलं नाही. ओला झाला की पापुद्रा पारदर्शक होतो अन् आतल्या शिरा दिसतात. लाल भरलेली शीर दिसली तर तिथंच थांबायचं, परत ओल्या फडक्यासकट मशीनमधे ठेवायचं अन् चार-पाच तास हात लावायचा नाही. मला एक शीर दिसली. ठेवलं. पाच तासांनी बघितलं, शिरा रिकाम्या, पांढऱ्या. मग टोचीपासून टरफलाचे नखाएवढे तुकडे कडेकडेनं काढले, फक्त वरची टोपी मोकळी केली. पिल्लाला ओढलं नाही. खालचं अर्धं टरफल तसंच ठेवून परत आत. बेंबीचं जे काही उरलं असंल ते त्याचं त्यानं आवरायचं. पहाटं ते स्वतः रेटून बाहेर आलं. सगळं मिळून रात्र गेली. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ त्यात बसत नाही.

टोच निमुळत्या टोकाला पडली असेल तरी लक्ष ठेवा, तिथं अशी वेळ येण्याचा संभव जास्त. बाकी ठिकाणी घड्याळ बघा अन् बाहेर या.

एक शेवटचं, अन् हे जास्त महत्त्वाचं.

आता पाऊस पडंल. जलाशयाच्या कडेला, गवतात, पाणवनस्पतींत रानबदकं घरटी करतील. हळदीकुंकू बदक, अडई, पाणकोंबड्या. दरसाली कोणी ना कोणी पोरगं टोपीत अंडी घेऊन येतं. "काका, आई सोडून गेली, तुमच्या मशीनमधे ठेवा." बाळांनो, आई सोडून गेलेली नसते. ती चरायला गेलेली असते, नाहीतर तुम्हाला बघून लपलेली असते. तुम्ही तिथं उभे आहात तोवर ती येणार नाही.

रानबदकाच्या अंड्यांचं आणखी एक गणित आहे. निघायच्या आधी पिल्लं आतून आवाज करतात, आई बाहेरून बोलते. अंड्यातली पिल्लं एकमेकांचा आवाज ऐकून सोबतीनं निघतात, हे इंग्लंडात लाव्यांच्या अंड्यांवर अभ्यासून दाखवलंय. सगळी साधारण एकाच वेळी बाहेर यावी लागतात, कारण त्यानंतर दिवसाभरात आई सगळ्यांना घेऊन पाण्यावर जाते. मागं राहिलं ते राहिलं. अन् बाहेर आल्यावर पहिल्यांदा जे हलताना दिसंल त्याच्या मागं ते पिल्लू जातं. ऑस्ट्रियाच्या कोनराड लोरेन्झ यांच्या मागं हंसाची पिल्लं त्यांनाच आई समजून फिरत, त्यांना १९७३ साली नोबेल मिळालं. ऐकायला गोड वाटतं. पण माणसामागं फिरणाऱ्या रानबदकाला कुत्र्याची भीती कोण शिकवणार? बंदुकीची अन् फाश्याची कोण शिकवणार?

शिवाय कायदा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपक्ष्यांची अंडी फोडणं, अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं हे शिकारीतच धरलंय. "मी तर वाचवायला आणलं" म्हणून सुटका नाही. घरटं दिसलं तर मुकाट्यानं मागं फिरा, गुरं तिकडं सोडू नका, कुत्रं बांधून ठेवा. नांगर वा रोटाव्हेटर चालवताना घरटं आलं तर हातभर जागा सोडा. त्या हातभर जागेत तुमचं काय पिकणार होतं? ही मदत. हिचा व्हिडिओ होत नाही.

त्या साहेबांना परत कधी भेटलो तर सांगीन, कात्रीवाला बी नको अन् प्रवचनवाला बी नको. वेळेवर पाणी, वेळेवर लाईट अन् पीक हाती आल्यावर बरा भाव, एवढं द्या. पुढचं टरफल आम्ही फोडतो. आम्ही काही आज फोडायलो नाही.

माझ्या मशीनमधे सध्या अठरा अंडी आहेत. आज सव्विसावा दिवस. झाकणाला चिकटपट्टी लावलीय अन् पुतण्याला सांगितलंय, काचेतून बघायचं, हात लावायचा नाही. कालपासून आतून चिवचिव यायली. तो दर तासाला येऊन काचेला नाक लावतो. मला बी राहवत नाही, खोटं कशाला बोलू. पण पट्टी काढणार नाही.

किती निघाली अन् किती गेली, दोन्ही आकडे रविवारी इथंच टाकीन. गेलेल्यांचा आकडा लपवणार नाही. तुम्ही बी तुमचे दोन्ही आकडे सांगा, अन् अंडं कोणत्या दिवशी ठेवलं होतं ते आधी सांगा.

राम राम.